धुरावर पोसलेलं शेवाळ

७ जानेवारी

ही वही डॉक्टरीणबाईंमुळे आली. दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सोडता सोडता त्या म्हणाल्या, "तुमचा राग माणसांवर निघतो. रोज थोडा कागदावर काढत जा. माणसंही टिकतील आणि तुम्हीही." पन्नाशी गाठलेल्या बाईला निबंध लिहायला सांगतात म्हणजे कमाल आहे. तरी लिहिते आहे, कारण परवा मी काचेचा चंबू आपटून फोडला आणि त्याचा तुकडा माझ्याच तळहातात गेला. डावा हात पट्टीत आहे. उजव्याने लिहिता येतं.

राग कशाचा ते आधी लिहू. आमच्या कारखान्यात चुन्याची भट्टी आहे. दगड भाजला की चुना होतो, आणि धुरातून कार्बन डायऑक्साइड आभाळात जातो. धुराड्याच्या पायथ्याशी माझी शेड आहे. तिथे मांडीएवढ्या जाड पारदर्शक नळ्या उभ्या केल्या आहेत, त्यांत पाणी आणि पाण्यात माझं शेवाळ. धुराड्यातून एक बारीक पाइप काढून, धूर थंड करून, तो नळ्यांच्या तळातून सोडतो. बुडबुडे वर चढतात, शेवाळ त्यांतला वायू खातं आणि उजेडात वाढतं. सांगायला सोपं आहे. पण बुडबुडा फार घाईत असतो. शेवाळाच्या तोंडाशी पोचायच्या आत तो वर जाऊन फुटतो आणि पाऊण हिस्सा वायू तसाच निसटतो.

तपासणी खात्याने अट घातली आहे. उन्हाळ्याआधी या नळ्यांतून जाणाऱ्या धुरातला निम्मा वायू पकडून दाखवा, म्हणजे मोठा प्रकल्प बांधायला मुदत देऊ. नाहीतर भट्टी विझवा. भट्टीचा मुकादम माझा सख्खा मोठा भाऊ आहे. आम्ही एकाच घरात राहतो, दादा आणि वहिनी वर, मी खाली.

आणि आता मोठ्या साहेबांनी माझ्या मदतीला एक माणूस पाठवलाय. मी मागितला नव्हता.

९ जानेवारी

त्याचं नाव मी भुकटी ठेवलं. तिशीतला, इस्त्रीच्या शर्टाचा, बोलायच्या आधी चष्मा पुसणारा. सोबत एक छोटा पिंप, त्यात राखाडी पीठ. पीठ नाही, धागे आहेत म्हणे. इतके बारीक की हजारो एकत्र वळले तरी केसाची जाडी येणार नाही. नॅनो. हा शब्द तो अशा हळू आवाजात उच्चारतो की जणू आतल्या खोलीत कुणी झोपलंय.

त्याचं म्हणणं असं: धाग्यांना असंख्य सूक्ष्म भोकं आहेत. वायू त्यांत अडकतो, पाण्यात रेंगाळतो, आणि शेवाळाला सावकाश खाता येतो. "घाईच्या पाहुण्याला बसायला खुर्ची द्यायची, ताई," तो म्हणाला. मी म्हटलं, "माझ्या घरात खुर्च्या मांडायच्या आधी मला विचारायची पद्धत आहे." त्याने चष्मा पुसला.

साहेबांनी सहापैकी तीन नळ्या त्याला दिल्या. हे शेवाळ मी एका पडक्या हौदाच्या भिंतीवरून खरवडून आणलं, धुरावर जगायला शिकवलं, त्याची मूळ कुपी माझ्या कपाटात लेकरासारखी जपली. आणि वाटणी साहेब करतात. तिथेच जाहीर करून टाकलं की त्याच्या तीन नळ्यांना मी बोटही लावणार नाही. वाढवायचं त्याने, मोजायचं त्याने, मारायचं त्याने.

२१ जानेवारी

त्याच्या नळ्यांचे आकडे चढले. नुसते चढले नाहीत, दुप्पट झाले. गढूळपणा मोजायचं यंत्र आहे आमच्याकडे. पाणी जितकं दाट तितकं शेवाळ जास्त, असा सरळ हिशोब. वरच्या तोंडाशी वायूचं यंत्र आहे, तेही म्हणतंय निम्म्याहून जास्त पकडला. माझ्या नळ्या आपल्या पाववर बसल्या आहेत.

संध्याकाळी दादा वरून ओरडला, "ठिणगे, ऐकलं का? निम्म्याच्या वर गेलं म्हणे." लहानपणापासून तो मला ठिणगीच म्हणतो. मी ऐकू न आल्यासारखं केलं. तर खाली येऊन म्हणाला, "तोंड का असं?" म्हटलं, "तोंड आहे ते असंच आहे." तो हसत वर गेला. पायऱ्यांवर त्याच्या बुटांतला चुना सांडला, तो मीच झाडला.

२ फेब्रुवारी

आज भुकटी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "ताई, मला मोजायला शिकवाल का?"

मोजायचं म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली. चौकटी कोरलेली एक काच असते. तिच्यावर थेंब टाकायचा, चौकटीतल्या पेशी एकेक मोजायच्या. यंत्र यायच्या आधी मी रोज तेच करत होते. मी विचारलं, यंत्र आहे की, आकडे तर झकास आहेत. तो म्हणाला, "तेच. फारच झकास आहेत. मी काचेखाली बघितलं, पण मला गुठळी कुठली आणि पेशी कुठली ते कळत नाही. माझी मोजणी चुकतेय बहुतेक."

फारच झकास आहेत म्हणे. माझ्या तोंडावर सांगायचं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "हे शिकायला मला वर्षं लागली. तुझ्या आकड्यांवर तू खूश राहा." त्याच्याबरोबर साहेबांची सेक्रेटरी होती, ती गालातल्या गालात हसली. बरं वाटलं.

त्याला माझी विद्या हवी आहे, दुसरं काय. शेवाळ अर्धं नेलं, आता डोळेही न्या.

६ फेब्रुवारी

सकाळी माझ्या टेबलावर चौकटींची काच ठेवलेली, वर थेंब, बाजूला चिठ्ठी: 'ताई, वेळ झाला तर एकदा बघाल?' मी काच धुतली, पुसली, आणि कोरडी करून त्याच्या टेबलावर ठेवली. चिठ्ठीचा बोळा केला.

रक्तदाब मोजून आले. वाढलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिहिताय ना? लिहितेय म्हटलं. "मग रोजच्या रोज वाचताही का?" ते सांगितलं नव्हतं त्यांनी.

१३ फेब्रुवारी

दादाने त्याला जेवायला बोलावलं. माझ्या भावाने, माझ्या घरात. वहिनीने चांगल्या बशा काढल्या. भुकटी दोन घास खाऊन दादाला म्हणाला, "तुम्ही ताईंना सांगा ना, एकदा माझ्या नळ्या बघायला. एकदाच."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जेवताना कामाचं नको."

"अगं, तो एवढा म्हणतोय तर," वहिनी म्हणाली.

"वहिनी, मी तुझ्या भाजीत हात घालते का?"

दादाने विषय भट्टीवर नेला. आग किती जुनी, त्याच्या आधीच्या मुकादमानेही ती विझू दिली नव्हती, असं त्याचं नेहमीचं. पाहुणा मान हलवत होता, पण ऐकत नव्हता. उठताना तो दारात म्हणाला, "दर आठवड्याला नवी भुकटी घालावी लागते, नाहीतर आकडा खाली बसतो. असं व्हायला नको खरं तर." कुणाला म्हणाला देव जाणे. मी बशा उचलत होते.

२० फेब्रुवारी

नदीपलीकडच्या कारखान्यात भट्टीवरची माणसं हवी आहेत. त्यांनी दादाला आणि त्याच्या सगळ्या गड्यांना एकदम घेतो म्हणून सांगितलंय, पण उद्यापर्यंत कळवा म्हणाले. दादा खाली येऊन माझ्या खुर्चीत बसला. बूट बाहेर काढून आला होता, म्हणजे गंभीर काम.

"ठिणगे, मला एकच सांग. तुझं शेवाळ निम्मं पकडेल का? हो किंवा नाही."

माझं शेवाळ म्हणे. महिनाभर भुकटीची आरती गाऊन झाल्यावर आता ते माझं झालं. मी म्हटलं, "यंत्र सांगतंय ना? मग मला कशाला विचारतोस?"

"तुला विचारतोय म्हणून विचारतोय."

"आकडा निम्म्याच्या वर आहे. वाचता येतो तुला."

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि म्हणाला, "बरं." बोलणी कशी तोडायची ते मला चांगलं येतं.

२१ फेब्रुवारी

दादाने पलीकडच्यांना नकार कळवला. गड्यांनाही थांबवलं. त्यांना म्हणाला, माझ्या बहिणीने सांगितलंय.

मी असं कधी सांगितलं?

२ मार्च

साहेबांचा हुकूम, तपासणी जवळ आली, सहाही नळ्यांत भुकटी घाला. माझ्याही. मी दार आपटून शेडमध्ये आले. म्हटलं, माझ्या नळ्या त्याच्यासारख्या करायच्या तर आधी त्याच्या नळीचा तळ तरी बघू. खालची तोटी उघडली.

तोटीतून पाणी आलं नाही, चिखल आला. राखाडी-हिरवा, चिकट, गुठळ्या गुठळ्या. बोटांत चोळला तर खरखरला. वास शेवाळाचा नव्हता, बंद पडलेल्या मोरीचा होता.

मी चौकटींची काच काढली. किती दिवसांनी काढली. वरचं पाणी घेतलं, थेंब टाकला, डोळा लावला. चौकटीत गर्दी होती, पण ती भुकटीच्या धाग्यांची. पेशी अधूनमधून, त्याही धाग्यांत गुरफटलेल्या, अर्ध्या फिकट. माझ्या साध्या नळीतला थेंब बघितला. तिथे याच्या तिप्पट पेशी, टवटवीत.

म्हणजे यंत्र शेवाळ मोजत नव्हतं. पाणी गढूळ होतं ते भुकटीने. आणि वायू पकडला जात होता तोही भुकटीनेच; तिचं पोट भरलं की ती थांबते, म्हणून दर आठवड्याला नवी लागत होती. खुर्च्या एवढ्या मांडल्या की घरची माणसंच चेंगरून मेली.

मला आधी आनंद झाला. खोटं का लिहू. मग दादा आठवला, माझ्या शब्दावर गड्यांना थांबवून बसलेला.

३ मार्च

सगळ्यांसमोर झाडला त्याला. साहेब, सेक्रेटरी, भट्टीवरचे दोन गडी, सगळे होते. म्हटलं, तू माझं शेवाळ बुडवलंस आणि त्याच्या प्रेताचे आकडे मिरवलेस. तुला एक थेंब बघायची अक्कल नव्हती?

तो चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "मी तुमच्याकडे आलो होतो, ताई. काच ठेवली होती. घरी पण विचारलं."

उद्धट. सगळ्यांसमोर असं बोलायचं.

त्यानंतर मी काय बोलणार होते ते विसरले. घरी आले तरी आठवलं नाही.

५ मार्च

साहेबांनी दोघांना आत बोलावलं. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "तपासणीच्या दिवशी सकाळी ताजी भुकटी घाला. वायूचं यंत्र निम्म्याच्या वर दाखवेल. त्यांना तेवढंच बघायचंय." मी म्हटलं, आणि मोठा प्रकल्प बांधून तिथेही शेवाळ मेलं की? "ते पुढचं पुढे." भुकटी म्हणाला, "साहेब, हे बरोबर नाही." साहेबांनी त्याला नोकरी पक्की व्हायची आहे ना, एवढंच विचारलं.

वर जाऊन दादाला सांगितलं. वाटलं होतं तो माझ्याहून जास्त भडकेल. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग घाला ताजी."

"दादा, खोटं आहे ते. वर्षभरात उघडं पडेल, मग भट्टी बंदच."

"वर्षभर तर चालेल. माझ्या माणसांना वर्षभर मिळेल कुठे तरी बघायला. पलीकडच्यांनी जागा भरल्या, ठिणगे. गड्यांना मी थांबवलंय."

मी आणखी जोरात बोलले. त्यानेही आवाज चढवला. लहानपणी भांडायचो तसे भांडलो, फक्त आता सोडवायला आई नाही. शेवटी तो म्हणाला, "मी तुला विचारलं होतं. बूट काढून, खाली येऊन, विचारलं होतं. तू मला यंत्राकडे पाठवलंस."

वहिनीने खिडक्या लावून घेतल्या.

१२ मार्च

गेला आठवडा लिहिलं नाही, हात रिकामा नव्हता. एक नळी साहेबांच्या नजरेआड मागच्या भिंतीला लावून मी आणि भुकटी काम करतोय. त्याच्याशी बोलत नाही, कामापुरतं बोलते. त्याने धागे धुऊन आणले, त्यांच्यावरचा, पेशींना भाजणारा तिखट रसायनाचा थर काढला, आणि मी म्हटलं म्हणून चिमूटभरच घातले. पाणी स्वच्छ दिसतं. पेशी मी मोजते, तो शेजारी उभा राहून लिहून घेतो. शेवाळ जगलं. नुसतं जगलं नाही, पावाच्या वर सरकलं, एक तृतीयांशाच्याही थोडं पुढे. खरं. एकेक पेशी मोजून खरं.

भुकटीच्या खुर्च्या वाईट नव्हत्या म्हणायच्या. जास्त झाल्या होत्या.

पण निम्मं नाही. वेळ मिळाला तर होईलही. वेळच नाही. मला त्याच्यावर अजून राग आहे; तो एवढा नम्र का आहे यावरही आहे.

१७ मार्च

उद्या तपासणी. मी गप्प बसायचं ठरवलंय, दादासाठी. वर जाऊन त्याला तसं सांगितलंही. त्याने माझ्या डाव्या हातावरची खूण बघितली आणि विचारलं, दुखतं का अजून. नाही म्हटलं.

१८ मार्च

तपासनीस बाई बुटक्या, कमी बोलणाऱ्या, पाण्याची बाटली स्वतःची आणलेली. भुकटीने सकाळी ताजं पीठ घातलं होतं. माझ्याकडे न बघता घातलं. बाईंनी आपलं यंत्र लावलं. निम्म्याच्या वर. बरंच वर. दारात दादा आणि त्याचे गडी टोप्या हातात घेऊन उभे होते. मी भिंतीला पाठ लावून तोंड मिटून उभी. ठरवलं होतं तसं.

बाई म्हणाल्या, "शेवाळ छान हिरवं आहे."

साहेबांना तिथे गप्प बसता आलं असतं. पण ते म्हणाले, "अहो, शेवाळाचं काय, ते नावाला. कुठलंही डबक्यातलं चाललं असतं. सगळी कमाल पावडरची."

डबक्यातलं.

मी काय केलं ते मला पाठीमागून बघितल्यासारखं आठवतं. तोटी उघडली. चिखल बशीत घेतला, बाईंच्या पुढ्यात ठेवला. सूक्ष्मदर्शक ओढून आणला, थेंब टाकला, म्हटलं, "हे बघा काय छान हिरवं आहे ते. आता मागच्या भिंतीची नळी बघा. ती खरी आहे. ती निम्मं पकडत नाही."

बाईंनी वाकून बघितलं. एका नळीचं, मग दुसरीचं. बराच वेळ. शेडमध्ये फक्त बुडबुड्यांचा आवाज होता. मग त्यांनी विचारलं, "हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही? पेशी मोजायचं काम कुणाकडे होतं?"

भुकटी पुढे झाला. "माझ्याकडे. माझ्या नळ्या, माझं पीठ. चूक माझी आहे."

माझं डोकं फिरलं. शेवाळ अर्धं नेलं, माझ्या भावाच्या घरी जेवला, आणि आता हेही नेतोय. मी ओरडले, "मोजणी माझी. या शेडमध्ये मोजणी मी करते. चुकली तरी माझी. हा तीनदा विचारायला आला होता, मी शिकवलं नाही. तू कशाला मध्ये पडतोस?"

बाईंनी ते लिहून घेतलं. मी दाराकडे बघितलं. दादाने टोपी डोक्यावर घातली आणि तो भट्टीकडे चालू लागला. गडी त्याच्यामागे.

१९ मार्च

मी खरं बोलले ते खरं म्हणून, की साहेबांनी डबक्यातलं म्हटलं म्हणून? रात्रभर हेच. ते गप्प राहिले असते तर मीही राहिले असते, आणि भट्टी चालली असती. मला ठरवता येत नाही. राग कागदावर काढला की कमी होतो म्हणे. माझ्याकडे तो नुसता साठून राहतोय.

३० मार्च

निकाल आला. मागच्या नळीबद्दल दोन चांगले शब्द आहेत, आणि अट पूर्ण झाली नाही म्हणून भट्टी विझवावी असं आहे. साहेबांची बदली झाली, म्हणजे त्यांना दुसरी चांगली खुर्ची मिळाली. भुकटीला काढलं. मला शेड रिकामी करायला सांगितलं.

८ एप्रिल

आज भट्टी विझवली. विझवणं एका दिवसाचं काम नाही, दगड टाकणं केव्हाच थांबवलं होतं. आज शेवटची हवा बंद केली. मी शेडच्या दारातून बघत होते. दादाने स्वतः झडप फिरवली. कुणाला हात लावू दिला नाही. मग हातमोजे काढून झडपेवर ठेवले आणि तसाच निघून गेला.

धुराड्यावर काही नव्हतं. इतकी वर्षं मी त्या धुराला शिव्या घातल्या. कपडे वाळत घालता येत नाहीत, खिडकी उघडता येत नाही. आता आभाळ चक्क स्वच्छ. मी आत वळले आणि बघितलं, नळ्यांत एकही बुडबुडा नाही. पाणी गप्प उभं. हिरवं, आणि उपाशी.

एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. धूर गेला म्हणजे याचं जेवण गेलं. भावाची चूल विझवली तेव्हा माझीही विझली, आणि हे मला नळीतल्या पाण्याने सांगावं लागलं.

११ एप्रिल

नळ्या ओतून टाकल्या. मूळ कुपीतलं शेवाळ एका मोठ्या चंबूत काढून घरी आणलं, खालच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. भुकटी निरोप घ्यायला आला होता. दुसरीकडे कुठे काम बघतोय. एक बोटभर बाटली दिली, धुतलेले धागे. "चिमूटभरच, ताई," म्हणाला. मला माहीत आहे चिमूटभर, मीच सांगितलं होतं. हे त्याला म्हटलं नाही. पत्ता घेतला.

दादा बोलत नाही. घरात असतो सगळा दिवस. वहिनीमार्फत कारभार चालतो. जिन्यात उभा राहून तिला म्हणतो, "खाली सांग, नळ गळतोय." मी वहिनीला म्हणते, "वर सांग, ऐकू आलं." वहिनी म्हणते, "मला मध्ये घेऊ नका, मी काय झडप आहे का?"

पलीकडच्या कारखान्याने त्याच्या गड्यांपैकी तरण्यांना घेतलं. त्याला वय विचारलं.

१९ एप्रिल

दादा बोलला नाही.

२३ एप्रिल

आज सकाळी चहा ठेवला होता. पायऱ्यांवर पावलं वाजली, आणि दादा सरळ स्वयंपाकघरात आला. बुटांत आता चुना नसतो, तरी त्याने ते बाहेर काढले होते. खिडकीपाशी उभा राहून चंबू बघत राहिला.

"हे काय खातं आता?"

इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य. मी चहाकडे बघत म्हटलं, "हवा."

"हवेवर भागतं?"

"जगतं. वाढत नाही फारसं."

"धुरात काय होतं असं?"

"जे तू श्वास सोडतोस त्यात असतं तेच. धुरात जास्त."

त्याने चंबूच्या बुचातून आलेली रबरी नळी हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि टोक तोंडात धरून फुंकर मारली. पाण्यात बुडबुडे उठले. भट्टी विझल्यापासून मी बुडबुडे बघितले नव्हते.

मी ओरडले. "कापूस लावल्याशिवाय फुंकायचं नाही. तोंडातले जंतू जातील आत. सगळं नासवशील."

"मग लाव की कापूस," तोही ओरडला. "जन्मभर भट्टी फुंकली मी, तुझी बाटली फुंकता येणार नाही?"

मी नळीत कापूस भरला. तो पुन्हा फुंकू लागला, सावकाश, गाल फुगवून, भट्टीची हवा बघतानाच्या चेहऱ्याने. मी चिमूटभर धागे टाकले. बुडबुडा वर पोचेपर्यंत बारीक झालेला दिसत होता, किंवा मला तसं दिसलं.

दम लागला तेव्हा तो थांबला. "वाढलं की नाही ते कसं कळतं?"

"मोजावं लागतं."

"यंत्राने?"

त्याने खुर्ची ओढली, टेबलावरचा माझा जुना सूक्ष्मदर्शक स्वतःकडे वळवला आणि म्हणाला, "शिकव."

मी चौकटींची काच धुतली, पुसली, थेंब टाकला. त्याला डोळा कसा लावायचा ते सांगितलं. "गोल, हिरवी, कडा स्वच्छ, ती पेशी. राखाडी, वेडीवाकडी, ती गुठळी. ती सोडून द्यायची." पहिल्या चौकटीत त्याने गुठळी मोजली. मी डोकावून दाखवली. दुसऱ्या चौकटीतही एक मोजली. तिसरीपासून त्याचा आणि माझा आकडा एकच यायला लागला.

मी त्या पोराला म्हटलं होतं, हे शिकायला वर्षं लागतात. दादाला ते चहा गार व्हायच्या आत जमलं.